मायनिंगनची रंगभूमी : लहान राजधानी, तालीम आणि समूह

आधुनिक पाश्चात्त्य रंगभूमीचा इतिहास सांगताना मायनिंगन या नावाचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. स्टानिस्लाव्हस्कीच्या प्रकरणाची प्रस्तावना म्हणून, किंवा आंत्वानच्या ‘तेआत्र लीब्र’ची पूर्वपीठिका म्हणून हे नाव येते, ‘तेथील एका ड्यूकने दिग्दर्शक ही संस्था निर्माण केली आणि ऐतिहासिक अचूकतेचा आग्रह धरला’ एवढे सांगून विवेचन पुढे सरकते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याच्या वहीत हे वाक्य जसेच्या तसे उतरते. वाक्य खोटे नाही, परंतु अपुरे आहे. जे बर्लिन, व्हिएन्ना किंवा म्युनिक येथील संपन्न नाट्यगृहांना साधले नाही, ते थुरिंगियातील वेरा नदीकाठच्या एका आडबाजूच्या गावाला का साधले, हा प्रश्न त्या वाक्यात विचारलाच जात नाही. मायनिंगनच्या रंगभूमीचे प्रादेशिक असणे हा तिच्या इतिहासातील एक योगायोग मानावा, की तिच्या कार्यपद्धतीचे कारण मानावे, या मुद्द्याभोवती प्रस्तुत विवेचन फिरते.

जर्मन भाषक प्रदेश १८७१ पर्यंत एक राष्ट्र नव्हता. अनेक लहानमोठी राज्ये, त्यांच्या राजधान्या आणि प्रत्येक राजधानीत दरबारी नाट्यगृह, अशी ही रचना होती. फ्रान्समध्ये नाटक म्हणजे पॅरिस आणि इंग्लंडमध्ये नाटक म्हणजे लंडन असे समीकरण जसे झाले, तसे जर्मनीत कधीच झाले नाही. लेसिंगचे नाव हाम्बुर्गशी, शिलरच्या पहिल्या नाटकाचे मानहाइमशी, गटेचे वायमारशी जोडले गेले. राजकीय विखुरलेपण ही जर्मन राष्ट्रवाद्यांच्या दृष्टीने उणीव होती. रंगभूमीच्या दृष्टीने तीच संपत्ती ठरली. झाक्सन-मायनिंगन ही अशाच राज्यांपैकी एक लहानशी डची. तेथे ड्यूक बर्नहार्ड दुसरा याच्या कारकीर्दीत १७ डिसेंबर १८३१ रोजी दरबारी नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. त्यानंतरची तीन दशके या नाट्यगृहाने इतर लहान दरबारी नाट्यगृहांप्रमाणेच काढली. ऑपेरा, हलकीफुलकी सुखान्तिका, फिरत्या मंडळींचे हंगाम अशा या कालखंडात विशेष नोंद घ्यावी असे फारसे काही नाही.

बदल घडला तो १८६६ साली, आणि त्याचे कारण रंगभूमीबाहेरचे होते. प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्या युद्धात बर्नहार्डने ऑस्ट्रियाची बाजू घेतली. ऑस्ट्रियाचा पराभव झाल्यावर त्याला पदत्याग करावा लागला आणि त्याचा पुत्र गेऑर्ग दुसरा वयाच्या चाळिसाव्या वर्षी गादीवर आला. नव्या ड्यूकच्या हाती आलेली सत्ता पूर्वीची नव्हती. लष्कर आणि परराष्ट्रसंबंध हळूहळू प्रशियाच्या छत्राखाली गेले. १८७१ नंतर साम्राज्याच्या रचनेत अशा लहान राजांना स्वतंत्र राजकारण उरले नाही. शिक्षण, संगीत, नाटक ही क्षेत्रे मात्र त्यांच्या अखत्यारीत राहिली. गेऑर्गचे नाट्यप्रेम अस्सल होते याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या प्रेमाला एवढा वेळ, पैसा आणि अधिकार उपलब्ध का झाला, याचे उत्तर या राजकीय स्थितीत शोधावे लागते.

गेऑर्ग हा हौशी आश्रयदाता नव्हता. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याने घेतले होते आणि रेखाटनावर त्याचा हात चांगला बसलेला होता. इंग्लंडच्या राजघराण्याशी त्याचा निकटचा संबंध होता. विल्यम चौथा याची राणी ॲडलेड ही त्याची सख्खी आत्या. लंडनमधील वास्तव्यात चार्ल्स कीनने प्रिन्सेस थिएटरमध्ये सादर केलेले शेक्सपिअरचे प्रयोग त्याच्या पाहण्यात आले, असे त्याच्या घडणीविषयी नेहमी सांगितले जाते. ऐतिहासिक वेशभूषा व नेपथ्य यांच्या काटेकोरपणाची कल्पना म्हणजे मायनिंगनचा शोध नव्हे, एवढे तरी यावरून स्पष्ट होते. कीनने ती आधीच राबविली होती. मायनिंगनचे वेगळेपण अन्यत्र शोधले पाहिजे.

सूत्रे हाती घेताच गेऑर्गने ऑपेरा बंद केला आणि सगळे बळ गद्य व पद्य नाटकांकडे वळविले. ऑपेरा हे दरबारी प्रतिष्ठेचे सर्वांत खर्चिक साधन असल्याने हा निर्णय साधा नव्हता. वाद्यवृंद मात्र त्याने ठेवला, आणि त्याचीही कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. हान्स फोन ब्यूलो १८८० साली त्याचा संचालक झाला, आणि ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीचे पहिले वादन २५ ऑक्टोबर १८८५ रोजी मायनिंगनमध्येच झाले. ब्यूलोने वाद्यवृंदाकडून जी तालीम करून घेतली आणि नाट्यगृहात नटांकडून जी तालीम करून घेतली जात होती, त्यांतील साम्य लक्षणीय आहे. दोन्हीकडे एकट्या कलावंताचे कर्तृत्व समूहाच्या एकजिनसी आविष्कारापुढे दुय्यम मानले गेले.

तालीम हाच या रंगभूमीचा गाभा होय. महानगरातील नाट्यगृहाला रोज पडदा उघडावा लागे. प्रेक्षक मोठा असला तरी चंचल असे, म्हणून नाटके भराभर बदलावी लागत. एका नाटकाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या तालमी मिळाल्या तरी नशीब. प्रमुख नट आपली भूमिका ठरीव रीतीने बसवून आणत आणि उरलेल्यांनी त्यांच्या भोवती कसेबसे उभे राहावे, अशी पद्धत होती. मायनिंगनमध्ये परिस्थिती उलट होती. गाव लहान, प्रेक्षक मोजका, हंगाम हिवाळ्यापुरता आणि आठवड्यातले प्रयोगही थोडे. व्यावसायिक दृष्टीने जी गैरसोय, ती तालमीच्या दृष्टीने सोय झाली. दृश्य पुन्हापुन्हा करून पाहता येई आणि तालमी रात्री उशिरापर्यंत चालत. नेपथ्य, शस्त्रे, वेश ही सारी सामग्री पहिल्या काही तालमींपासूनच वापरली जाई. चिलखत घालून चालणारा माणूस आणि चिलखताची कल्पना करून चालणारा माणूस यांच्या हालचालींत फरक असतो, ही साधी गोष्ट येथे गांभीर्याने घेतली गेली. ‘ऐतिहासिक अचूकता’ या शब्दप्रयोगाने जे सूचित होते, त्यापेक्षा हे निराळे आहे. वेश हा शोभेसाठी नसून नटाच्या देहाला वळण लावण्यासाठी आहे, असा हा विचार होता.

अर्थात अचूकतेचा सोसही होता. वेशभूषेच्या इतिहासावरील हेर्मान वाइस यांचा ग्रंथ हाताशी ठेवून ड्यूक स्वतः आराखडे काढी. कापड परदेशांतून मागविले जाई. देखाव्याचे पडदे कोबुर्ग येथील ब्रुकनर बंधूंच्या कार्यशाळेत रंगविले जात. वाग्नरच्या बायरॉइट येथील ‘रिंग’साठी १८७६ साली ज्यांनी पडदे रंगविले, तेच हे ब्रुकनर. मात्र चित्रित पडद्याच्या मर्यादांची जाण ड्यूकइतकी त्या काळी थोड्यांनाच असावी. चित्रातली घरे यथार्थदर्शनाच्या नियमाने मागे लहान होत जातात, नट मात्र लहान होत नाही. म्हणून मागच्या चित्रित घराजवळ नटाने जाऊ नये. चित्रित झाडाला वा खांबाला नटाने टेकू नये, कारण कापड हलले की सारा आभास कोसळतो. चित्राचा मध्य आणि रंगमंचाचा मध्य एकच असू नये. मध्यभागी उभा राहिलेला नट दोन्ही बाजूंना सारखे वजन देतो आणि दृश्य थिजते. पात्रांनी प्रकाशझोतांच्या रेषेला समांतर उभे राहू नये; पायऱ्या, चढ, उंचवटे यांचा उपयोग करून डोक्यांची पातळी वेगवेगळी ठेवावी. ड्यूकच्या या सूचना पुढे प्रसिद्ध झाल्या, आणि त्याच्या मंडळीतला नट माक्स ग्रूबं याने १९२६ साली लिहिलेल्या मायनिंगनच्या इतिहासातही त्या समाविष्ट आहेत. त्या वाचताना नाट्यशास्त्रापेक्षा चित्रकाराच्या कार्यशाळेतले टिपण वाचल्यासारखे वाटते. पण ही चित्रे हलणारी आहेत याचे भान त्यांत कोठेही सुटलेले नाही.

या दृष्टीचा सर्वांत फलदायी आविष्कार समूहदृश्यांत झाला. तत्कालीन रंगभूमीवर गर्दी म्हणजे रोजंदारीवर आणलेली, एकाच वेळी हात उंचावणारी आणि एकाच सुरात ओरडणारी माणसे. मायनिंगनने गर्दीचे लहान लहान गट पाडले. प्रत्येक गटावर एक अनुभवी नट नेमला आणि त्याच्या हाती लिहिलेली संहिता दिली. शेक्सपिअरने जेथे केवळ ‘लोक ओरडतात’ एवढेच सूचित केले असेल, तेथे कोणी काय म्हणावे, कोणत्या क्षणी कुजबुज उठावी, कोणाच्या चेहऱ्यावर अविश्वास असावा, हे ठरविले गेले. गर्दीच्या कडा पाखांच्या आड दडविल्या जात, म्हणजे रंगमंचाबाहेरही ती पसरली आहे असा भास होई. एका वेशातली, एका उंचीची माणसे शेजारी उभी करायची नाहीत, आणि प्रेक्षकांकडे तर कोणीच पाहायचे नाही, असे दंडक होते.

‘ज्यूलिअस सीझर’ हे या पद्धतीचे आदर्श उदाहरण होय. १ मे १८७४ रोजी बर्लिनमध्ये मायनिंगनच्या मंडळीने पहिला परगावचा प्रयोग केला तो याच नाटकाचा. पुढील दौऱ्यांत तो ३३० वेळा झाला. सीझरच्या हत्येच्या प्रसंगी पहिला वार होताच जमलेल्या लोकांतून एकच किंकाळी उठे, मग क्षणभर भयाण शांतता, आणि त्यानंतर उसळलेला गोंधळ, अशी रचना समकालीनांनी वर्णिली आहे. त्यातली शांतता विशेष महत्त्वाची. अँटनीच्या भाषणाच्या दृश्यात तर समूह हेच खरे पात्र होते. वाङ्मयाचा अभ्यासक हे भाषण वाचतो तेव्हा त्याचे लक्ष वक्तृत्वाच्या अलंकारांवर, उपरोधाच्या चढत्या आवर्तनांवर असते. मायनिंगनच्या प्रयोगात त्या वक्तृत्वाचा परिणाम टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर घडताना दिसे. आधी एका गटात चुळबुळ, मग दुसऱ्यात वाद, मग दोन्ही एकत्र. अँटनी लोकांना फिरवितो असे नुसते ऐकायचे नसून लोक कसे फिरतात हे पाहायचे होते. नाट्यसंहितेतील अनुल्लेखित जागा भरून काढण्याचे हे काम समीक्षेच्या परिभाषेत अर्थनिर्णयनच म्हणावे लागेल.

संहितेविषयीचा मायनिंगनचा दृष्टिकोण रंगभूमीच्या इतिहासात काहीसा झाकला गेला आहे. नेपथ्य आणि गर्दी यांची चर्चा इतकी झाली, की या मंडळीने जर्मन अभिजात नाटकांना त्यांची मूळ संहिता परत मिळवून दिली ही गोष्ट मागे पडली. एकोणिसाव्या शतकात ही नाटके कापूनछाटून, लोकप्रिय रूपांतरांच्या रूपाने सादर होत. मायनिंगनने शक्य तेथे मूळ पाठ स्वीकारला. शिलरचे ‘डी रॉयबर’ मूळ पाठासह आणि अठराव्या शतकातील वेशभूषेत सादर झाले. त्यामुळे ते नाटक पुराणकालीन शौर्यकथा न राहता लेखकाच्या स्वतःच्या काळातील बंडखोरी म्हणून दिसू लागले. येथे वेशाची अचूकता थेट अर्थाशी भिडते. क्लाइस्टसारख्या उपेक्षित नाटककाराची नाटकेही या मंडळीने मोठ्या शहरांपुढे आणली. इब्सेनच्या बाबतीत तर तिचे धाडस विशेष मानले पाहिजे. ‘द प्रिटेंडर्स’ हे त्याचे ऐतिहासिक नाटक तिने १८७६ साली केले, आणि ‘गोस्ट्स’ हे नाटक जर्मन शहरांत अभ्यवेक्षणाच्या कचाट्यात असताना २१ डिसेंबर १८८६ रोजी मायनिंगनमध्ये त्याचा प्रयोग झाला. लहान राज्याच्या राजाला आपल्या हद्दीत परवानगी मागावी लागत नव्हती! प्रादेशिक सत्तेचा असाही एक उपयोग.

‘पहिला दिग्दर्शक’ या बिरुदाची छाननी येथे आवश्यक ठरते. गेऑर्गचे काम एकट्याचे नव्हते. एलेन फ्रान्त्स ही मंडळीतील नटी. १८७३ साली ड्यूकने तिच्याशी विवाह केला आणि तिला हेलेनं फोन हेल्डबुर्ग हे नाव व पद मिळाले. दरबाराला आणि ड्यूकच्या वृद्ध पित्याला हा विवाह रुचला नाही. विवाहानंतर तिने रंगमंच सोडला; पण नाटकांची निवड आणि नटांच्या वाचिक अभिनयाची घडण यांत तिचा वाटा मोठा होता. तिसरी व्यक्ती लुडविग क्रोनेक. मुळात विनोदी नट असलेला हा माणूस १८७३ पासून प्रयोगांची प्रत्यक्ष अंमलबजावणी पाहू लागला. दौऱ्यांची कल्पना मुख्यतः त्याची. ड्यूक बहुतेक दौऱ्यांवर जात नसे. पत्रांतून आणि तारांतून सूचना येत आणि परगावच्या अनोळखी माणसांना गोळा करून त्यांच्याकडून रोमन जनता उभी करून घेण्याचे काम क्रोनेक करी. दृष्टी एकाची, वाणीचे संस्कार दुसरीचे, शिस्त तिसऱ्याची असे हे तिघांत विभागलेले दिग्दर्शन होते. ते एका व्यक्तीच्या नावे जमा करणे हे नंतरच्या, दिग्दर्शकाला निर्माता-कलावंत मानणाऱ्या काळाचे आरोपण आहे.

या रचनेतील अंतर्विरोधही नजरेआड करता येत नाही. आज प्रमुख भूमिका करणाऱ्याने उद्या गर्दीत उभे राहिलेच पाहिजे, हा मायनिंगनचा नियम होता आणि तो करारात नमूद असे. त्याला लोकशाही वळणाचा मानण्याचा मोह होतो. पण ही समता वरून लादलेली होती. खरोखरीचा राजा प्रेक्षागृहात बसलेला असल्यानेच रंगमंचावरच्या ‘राजां’ना सामान्यांच्या रांगेत उभे करता आले. योझेफ काइन्त्ससारखा प्रतिभावान तरुण नट या मंडळीत काही वर्षे राहिला आणि बाहेर पडल्यावरच त्याची खरी कीर्ती झाली. लुडविग बार्नाय हा नामांकित नट अँटनीच्या भूमिकेसाठी पाहुणा म्हणून येई, म्हणजे नियमाला अपवादही होते. मंडळीतील प्रमुख नटांचा अभिनय मध्यम प्रतीचा आहे, ही टीका गावोगावी झाली. मॉस्कोतील १८८५ च्या प्रयोगांनंतर नाटककार ओस्त्रोव्हस्कीनेही शिस्तीचे कौतुक करतानाच अभिनयाच्या उणिवांवर बोट ठेवले. १८८८ साली ब्रसेल्समध्ये प्रयोग पाहणाऱ्या आंत्वानने गर्दीची मुक्त कंठाने प्रशंसा केली. श्रीमंती नेपथ्य आणि प्रकाशयोजनेतील काही भाबड्या युक्त्या त्याला पटल्या नाहीत. स्टानिस्लाव्हस्कीने १८९० साली मॉस्कोत क्रोनेकची कडक शिस्त पाहिली आणि तिचे अनुकरण केले. पुढे आत्मचरित्रात त्याने त्या अनुकरणाकडे टीकात्मक दृष्टीने पाहिले. नटाच्या अंतरंगाकडे वळण्याचा त्याचा नंतरचा प्रवास ही एका अर्थी मायनिंगनने अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाची प्रतिक्रिया होय.

१८७४ ते १८९० या काळात मंडळीने युरोपभर अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले. १८८१ साली लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये जर्मन भाषेतील शेक्सपिअर इंग्रजांसमोर सादर करण्याचे धैर्यही त्यात आले. या दौऱ्यांचा सांस्कृतिक अर्थ दुहेरी आहे. नव्या साम्राज्याची राजधानी बर्लिन ही राजकारणात सर्व प्रांतांना गिळू पाहत असताना, एका प्रांताने तिला नाटक कसे करावे हे शिकविले. पण त्याच वेळी हे प्रयोग ‘जर्मन कला’ म्हणून परदेशी ओळखले जाऊ लागले, म्हणजे प्रांताचे वैशिष्ट्य राष्ट्राच्या खात्यावर जमा झाले. दौरे १८९० साली ओडेसा येथे थांबले. खचलेल्या प्रकृतीचा क्रोनेक पुढच्याच वर्षी मरण पावला. तोवर मायनिंगनची तंत्रे सर्वत्र पसरली होती आणि मोठ्या शहरांना ती मायनिंगनपेक्षा अधिक खर्चून वापरता येऊ लागली होती.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात असा. ५ मार्च १९०८ रोजी जुने नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. वृद्ध ड्यूकने उभारणीस तत्काळ चालना दिली आणि १७ डिसेंबर १९०९ रोजी, जुन्या नाट्यगृहाच्या उद्घाटनाच्याच तिथीस, आजची स्तंभयुक्त वास्तू खुली झाली. गेऑर्ग जून १९१४ मध्ये, महायुद्धाच्या उंबरठ्यावर निवर्तला. १९१८ साली डची संपुष्टात आली. राजा गेला, राज्य गेले, नाट्यगृह मात्र थुरिंगियाच्या सार्वजनिक व्यवस्थेत राहिले. जर्मनीतील दरबारी नाट्यगृहांचे हे स्थित्यंतर वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. राजाश्रयाची जागा बाजाराने न घेता शासन व नगरपालिका यांच्या अनुदानाने घेतली, म्हणूनच लहान गावांतील कायम नटसंच, वाद्यवृंद आणि कार्यशाळा टिकून राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मायनिंगन पूर्व जर्मनीत, तेही पश्चिम जर्मनीच्या सीमेलगत आले. पूर्वीचे आडबाजूचे गाव आता कुंपणाशेजारचे गाव झाले.

याच काळात मराठी रंगभूमीशी जोडणारा एक धागा आढळतो, आणि मराठीच्या अभ्यासकाने तो नोंदवावा असा आहे. फ्रित्स बेनेविट्झ हे दिग्दर्शक १९५५ ते १९६० या काळात मायनिंगनच्या नाट्यगृहात प्रमुख दिग्दर्शक होते. तेथून ते वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहात गेले. १९७० पासून त्यांचे भारतात येणेजाणे सुरू झाले. विजया मेहता यांच्या सहकार्याने त्यांनी ब्रेख्टचे ‘द कॉकेशियन चॉक सर्कल’ मराठीत उभे केले, चिं. त्र्यं. खानोलकर यांनी केलेले त्याचे रूपांतर म्हणजे ‘अजब न्याय वर्तुळाचा’. बेनेविट्झ यांची भूमिका ब्रेख्टची, म्हणजे मायनिंगनच्या वास्तवाभासाला छेद देणारी. तेव्हा मायनिंगनची शैली त्यांच्या द्वारे मराठीत आली असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु कायम नटसंच, दीर्घ तालीम, समूहाला नायकाइतकेच वजन देणे ही कार्यसंस्कृती ज्या प्रादेशिक नाट्यगृहांच्या परंपरेतून आली, त्या परंपरेतले ते होते. मराठी नाट्यसमीक्षेत ब्रेख्टचा प्रभाव बहुधा बर्लिनच्या दिशेने शोधला जातो. थुरिंगियाची दिशा अधिक तपासली जाणे इष्ट आहे.

१९९० च्या एकीकरणानंतर पूर्वेकडील अनेक नाट्यगृहांवर काटकसरीचे सावट आले. मायनिंगनने उलट भव्यतेची वाट धरली. २००१ साली वाग्नरच्या ‘रिंग’चे चारही भाग सलग चार दिवसांत येथे सादर झाले. क्रिस्टिनं मीलिट्स यांचे दिग्दर्शन, आल्फ्रेड ह्रदलिच्का यांचे नेपथ्य आणि तेव्हा तरुण असलेल्या किरिल पेत्रेन्को यांचे संगीतसंचालन असा हा योग होता. ज्या ड्यूकने ऑपेरा बंद केला, त्याच्याच नाट्यगृहाची नवी ओळख ऑपेराने घडावी, यातील विसंगती स्थानिकांच्या ध्यानात आली नसेल असे नाही. त्याआधी १९९९ मध्ये घोडेस्वारीच्या जुन्या सभागृहाच्या वास्तूत रंगभूमीचे संग्रहालय सुरू झाले. ब्रुकनर बंधूंच्या कार्यशाळेतले मूळ पडदे तेथे जतन केलेले असून, त्यांपैकी एखादा देखावा आळीपाळीने संपूर्ण मांडून दाखविला जातो. देखाव्याच्या मध्यभागी नट नसतो. चित्रित खांब आणि खरा माणूस यांच्यातील ज्या अंतराबद्दल ड्यूकने इतक्या सूचना लिहिल्या, ते अंतर अभ्यासकाला तेथे केवळ पडद्यावरील रेषांवरून आणि हेलेनं, क्रोनेक व ड्यूक यांच्या पत्रव्यवहारावरून मनाशी मोजावे लागते.